बास्कांचा आर१बी : एकाच पितृवंशाच्या तीन जन्मतारखा

पिरेनीजचे डोंगर बिस्केच्या उपसागराला जिथे भिडतात, तिथे स्पेन आणि फ्रान्स या दोन्ही देशांत मिळून बास्क लोकांची वस्ती आहे. त्यांची भाषा एउस्कारा. शेजारच्या स्पॅनिश, फ्रेंच, कातालान या सगळ्या लॅटिनच्या लेकी. एउस्काराचे मात्र जगातल्या कुठल्याच जिवंत भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. ती इथे जुनी आहे एवढे नक्की. रोमन काळातल्या अक्विटेनियाच्या (आजच्या नैऋत्य फ्रान्सच्या) शिलालेखांत किसोन, नेस्काटो, आंदेरे अशी नावे कोरलेली सापडतात आणि आजच्या बास्कमध्ये गिझोन म्हणजे पुरुष, नेस्का म्हणजे मुलगी, आंद्रे म्हणजे बाई.

बास्क पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले की दहापैकी आठ-नऊ जण आर१बी या हॅप्लोग्रुपच्या, म्हणजे एकाच पूर्वजापासून निघालेल्या पितृवंशांच्या गटाच्या, एम२६९ शाखेत निघतात. ही शाखा पश्चिम युरोपात सर्वांत जास्त पसरलेली आहे. सुमारे ११ कोटी युरोपीय पुरुष तिच्यात मोडतात. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांतात तर तिचे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत मोजले गेले आहे. म्हणजे भाषा युरोपातली सर्वांत एकटी आणि पितृवंश सर्वांत गर्दीतला. हे कोडे सोडवताना २००० सालापासून तीन वेगवेगळी उत्तरे दिली गेली. पहिली दोन चुकली. ती का चुकली हे तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण नेमक्या त्याच चुका आजही ‘आम्ही मूळचे कोण’ या प्रत्येक वादात होतात.

आधी हत्यार समजून घेऊ

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. त्याची लांबी डीएनएची (ए, सी, जी, टी) सुमारे ६.२ कोटी अक्षरे आहे आणि टोकांचा थोडा भाग सोडला तर त्याची आईकडच्या गुणसूत्राशी सरमिसळ होत नाही. नक्कल होताना एखादे अक्षर बदलले की तो बदल त्या मुलाच्या सगळ्या पुरुष वंशजांत उतरतो. अशा एकेका अक्षरबदलाला एसएनपी म्हणतात आणि त्यांवरूनच झाडाच्या फांद्या ठरतात. एम२६९ हे अशाच एका बदलाचे नाव आहे: टीच्या जागी सी.

दुसऱ्या प्रकारची खूण म्हणजे एसटीआर. इथे चार-पाच अक्षरांचा एक तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो आणि आपण तो किती वेळा आला हे मोजतो. डीवायएस१९ या जागी एखाद्याचे १४ आवर्तने असतील, दुसऱ्याचे १५. हा आकडा वाढतो, घटतो आणि परत मूळ जागी येऊ शकतो. एसएनपी सहसा परत फिरत नाही. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आणि एक मर्यादा, जी सगळ्यांना माहीत असते पण वादात कुणालाच आठवत नाही. दहा पिढ्या मागे गेलो तर पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच जागेबद्दल बोलते. आपल्याकडच्या आडनावासारखेच हे आहे. आडनाव पणजोबांचे असते, पण नाक, रंग आणि बोलण्याची ढब आठही पणजोबा-पणजींकडून आलेली असते.

पहिले उत्तर: हिमयुगातले आश्रित

नोव्हेंबर २००० मध्ये ‘सायन्स’मध्ये ओर्नेला सेमिनो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. १,००७ पुरुष, २२ एसएनपी खुणा. दहा पितृवंशांत ९५ टक्क्यांहून जास्त नमुने बसले. ज्याला त्यांनी ईयू१८ म्हटले तो गट बास्कांमध्ये सर्वाधिक होता आणि पूर्वेकडे कमी कमी होत जात होता. निष्कर्ष असा निघाला: हिमयुगाच्या कडाक्यात माणसे दक्षिणेकडे सरकली, दक्षिण फ्रान्स आणि उत्तर स्पेनमधले कांताब्रिया यांच्या पट्ट्यात तग धरून राहिली आणि बर्फ वितळल्यावर तिथून उत्तरेकडे पसरली. युरोपातले सुमारे ८० टक्के पितृवंश असे पुराश्मयुगीन ठरवले गेले.

ही मांडणी पटण्याजोगी होती. बास्क प्रदेशात सांतिमामिन्ये आणि एकाइन या गुहांत हिमयुगातली चित्रे आहेतच. १९४७ सालीच ब्रिटिश रक्तगटतज्ज्ञ आर्थर मोरांट यांनी बास्कांमधले आरएच निगेटिव्हचे विलक्षण प्रमाण पाहून ते युरोपच्या जुन्या थराचे अवशेष असावेत असे सुचवले होते. भाषाही एकाकी. त्यात आता वाय गुणसूत्राची भर पडली आणि चारी बाजूंनी एकच चित्र उभे राहिले. पुढे ब्रिटन आणि आयर्लंडचे पुरुष बास्कांसारखेच दिसतात हे कळल्यावर ‘ब्रिटिश लोक मूळचे बास्क’ हे वाक्य लोकप्रिय लेखनात रूढ झाले.

चूक कुठे होती? तीन ठिकाणी, आणि तिन्ही एकमेकांना आधार देत होत्या.

एक, ईयू१८ ही खरी फांदीच नव्हती. एम१७३ ही खूण आहे, पण एम१७ नाही, अशा उरलेल्या सगळ्यांची ती टोपली होती. आज माहीत असलेल्या पी३१२, यू१०६, डीएफ२७, झेड२१०३ या फांद्या तेव्हा सापडल्याच नव्हत्या. टोपलीतले सगळे जण सारखे दिसत होते, कारण त्यांना वेगळे करणारी खूण हाताशी नव्हती. बास्क आणि आयरिश पुरुष एका टोपलीत होते खरे, पण बास्कांमध्ये डीएफ२७ जास्त आणि आयर्लंडमध्ये एल२१ जास्त. या दोघी पी३१२ च्या मुली, म्हणजे बहिणी. बहीण बहिणीची आई होऊ शकत नाही.

दोन, जिथे प्रमाण जास्त तिथेच उगम, हे गृहीत. लहान, डोंगरात राहणाऱ्या, बाहेरून कमी लग्ने करणाऱ्या समाजात एखादा पितृवंश निव्वळ योगायोगाने ८५ टक्क्यांवर जाऊ शकतो. उगम शोधायचा तर प्रमाणापेक्षा विविधता पाहावी लागते: कुठल्या भागात त्या वंशाच्या जास्त जुन्या आणि जास्त वेगवेगळ्या उपफांद्या आहेत? २०१७ साली डीएफ२७ च्या १,०७२ नमुन्यांचा अभ्यास झाला तेव्हा हे उघड झाले. डीएफ२७ चे प्रमाण आयबेरियात (स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात) सुमारे ४० टक्के, बास्कांमध्ये ७० टक्क्यांपर्यंत. पण अंतर्गत विविधता बास्कांमध्येच कमी निघाली आणि वयही तिथे कमी आले. उगमाची जास्त शक्यता आयबेरियाच्या ईशान्य भागाकडे झुकली. सर्वांत गडद रंगाचा भाग सर्वांत जुना नव्हता.

तीन, वय. इथे थांबून हिशेब करायला हवा.

घड्याळाचा घोळ

एसटीआरवरून वय काढताना एका पिढीत आकडा बदलण्याची शक्यता किती, हे ठरवावे लागते. बाप-लेकांच्या जोड्या थेट तपासल्या तर एका जागेसाठी हा वेग पिढीला सुमारे ०.००२ येतो, म्हणजे ५०० जन्मांत एक बदल. २००४ साली लेव झिवोतोव्स्की आणि सहकाऱ्यांनी दुसरा, ‘उत्क्रांतीय’ वेग मांडला: २५ वर्षांना ०.०००६९, म्हणजे सुमारे १,४५० जन्मांत एक. माओरी आणि बल्गेरियातले रोमा अशा ज्यांचा इतिहास बऱ्यापैकी ठाऊक आहे त्या समाजांवरून तो काढला होता.

दोन वेगांत तिपटीचा फरक आहे. आता गंमत पाहा. पहिल्या वेगाने एखाद्या शाखेचे वय ४,५०० वर्षे आले तर दुसऱ्या वेगाने तेच वय १३,५०० वर्षे येते. पहिला आकडा कांस्ययुगाच्या उंबरठ्यावरचा, दुसरा हिमयुग सरतानाचा. नमुने तेच, मोजणी तीच. फक्त भाजक बदलला आणि पितृवंश एका युगातून दुसऱ्या युगात गेला.

उत्क्रांतीय वेग मुळात चुकीचा नव्हता. लोकसंख्या फारशी वाढत नसेल तर बहुतेक पितृवंश मध्येच खुंटतात, त्यांच्याबरोबर साठलेले बदलही नाहीसे होतात आणि विविधता हळू वाढते. त्या परिस्थितीसाठी तो वेग होता. एम२६९ च्या पश्चिमेकडच्या फांद्या मात्र काही शतकांत भराभर फुटल्या. अशा वेळी वंश खुंटत नाहीत, बदल साठत जातात आणि तिथे हा वेग लावला की वय फुगते. कुठल्या परिस्थितीसाठी कुठला वेग, हा प्रश्न न विचारता गणित केले गेले, हा खरा दोष.

दुसरे उत्तर: अनातोलियाचे शेतकरी

जानेवारी २०१० मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या पात्रिसिया बालारेस्क, मार्क जॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस बायॉलॉजी’मध्ये उलटे चित्र मांडले. त्यांना एम२६९ ची एसटीआर विविधता तुर्कस्तानाकडे जास्त आणि पश्चिमेकडे कमी होत जाताना दिसली. म्हणून हा वंश नवाश्मयुगात शेतीबरोबर अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आला, असे त्यांनी म्हटले. त्या हिशेबाने बास्कही शेतकऱ्यांचेच पुरुषवंशज.

पुढच्याच वर्षी जॉर्ज बझ्बी आणि क्रिस्टियन कापेल्ली यांच्या गटाने तोच प्रश्न जास्त नमुने आणि नव्या एसएनपी खुणा घेऊन तपासला. पूर्व-पश्चिम उतरण टिकली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुठल्या एसटीआर जागा निवडल्या यावर वय बदलते, हे त्यांनी दाखवले. वेगाने बदलणाऱ्या जागा काही हजार वर्षांनी मागेपुढे होऊन जुने बदल झाकून टाकतात, वय कमी दिसते. संथ जागा घेतल्या तर जास्त दिसते. एसटीआरच्या मूठभर जागांवरून खंडाच्या इतिहासाचा निवाडा करता येत नाही, हा त्या निबंधाचा सांगावा होता.

दुसऱ्या उत्तराने पहिल्याची एक चूक तशीच ठेवली होती, हेही लक्षात घ्यायला हवे. आजच्या माणसांचे नकाशे पाहून कालचा प्रवास ओळखता येतो, हे दोघांनीही धरून चालले होते.

तिसरे उत्तर: हाडे बोलली

प्राचीन डीएनएने वादाची जागाच बदलली. आता अंदाज करण्याऐवजी कालनिश्चिती झालेला सांगाडा घेऊन त्याचा पितृवंश वाचता येऊ लागला.

आयबेरियात आधी कोण होते? लेओन प्रांतातल्या ला ब्रान्या गुहेतला सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचा शिकारी पुरुष सी या हॅप्लोग्रुपचा निघाला. नवाश्म आणि ताम्रयुगातले पुरुष मुख्यतः आय२ आणि जी२. एम२६९ कुठेच नाही. ज्या कांताब्रियन डोंगररांगेला आर१बीचे आश्रयस्थान म्हटले जात होते, तिथेच तो सापडेना.

२०१५ मध्ये ‘नेचर’मधल्या दोन निबंधांनी, एक वोल्फगांग हाक आणि डेव्हिड राइश यांच्या गटाचा, दुसरा मोर्टेन अलेंटॉफ्ट आणि एस्के विलर्सलेव यांच्या गटाचा, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून इ.स.पू. ३००० नंतर युरोपात मोठे स्थलांतर झाल्याचे दाखवले. २०१९ मध्ये इन्यिगो ओलाल्दे आणि सहकाऱ्यांनी आयबेरियातले २७१ प्राचीन नमुने मांडले: इ.स.पू. २००० च्या सुमारास आयबेरियाच्या एकूण वंशवारशातला सुमारे ४० टक्के भाग बदललेला होता आणि वाय गुणसूत्रे जवळपास १०० टक्के. बास्कांबद्दल त्यांनी म्हटले की ते लोहयुगातल्या सर्वसामान्य आयबेरियन लोकांसारखे आहेत. रोमन काळात आणि नंतर उर्वरित द्वीपकल्पात जी सरमिसळ झाली, तीच त्यांच्यात फारशी झाली नाही. बास्क वेगळे आहेत ते हिमयुगापासून अलग राहिल्यामुळे नव्हे, तर गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत अलग राहिल्यामुळे.

दोन अडचणी राहिल्या होत्या आणि त्या लपवायचे कारण नाही.

पहिली: इटलीतल्या व्हिल्लाब्रुनाचा सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा पुरुष आर१बी आहे. मग पुराश्मयुगीन सिद्धांत खरा नव्हता का? नाही, कारण त्याच्यात एम२६९ ची खूण नाही. तो आर१बीच्या वेगळ्या, फार आधी फुटलेल्या फांदीचा चुलता आहे. याच आर१बीची व्ही८८ ही फांदी आज आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरात, उत्तर कॅमेरूनमध्ये खूप आढळते. नुसते ‘आर१बी’ हे नाव २० हजार वर्षांच्या गोतावळ्याचे आहे.

दुसरी: गवताळ प्रदेशातल्या यामनाया या पशुपालक संस्कृतीचे पुरुष बहुतेक झेड२१०३ चे निघाले आणि पश्चिम युरोपात आहे एल५१. या दोघी एल२३ च्या मुली. म्हणजे ज्या यामनाया कबरी उकरल्या गेल्या, त्यांतले पुरुष पश्चिम युरोपीयांचे थेट बाप नव्हेत, भाऊबंद होत. दुवा कुठे, हा आक्षेप रास्त होता. २०२१ मध्ये बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कॉर्डेड वेअर, म्हणजे दोरीच्या ठशांची मडकी करणाऱ्या संस्कृतीच्या, सुरुवातीच्या कबरींत एल५१ च्या खालची एल१५१ शाखा सापडली, आणि पूर्व-पश्चिमेची साखळी बरीच जोडली गेली.

शेतकऱ्यांचे वंशज की घोडेस्वारांचे?

२०१५ सालीच आणखी एक निबंध आला होता. बुर्गोसजवळच्या आतापुएर्का डोंगरातल्या एल पोर्तालोन गुहेतल्या ५,५०० ते ३,५०० वर्षांपूर्वीच्या आठ माणसांचे जीनोम पाहून टोर्स्टेन ग्युंथर आणि मातियास याकोबसन यांच्या गटाने म्हटले की या आदिशेतकऱ्यांच्या सर्वांत जवळचे आजचे लोक बास्क आहेत. म्हणजे एका निबंधानुसार बास्क शेतकऱ्यांचे, दुसऱ्यानुसार गवताळ प्रदेशातून आलेल्यांचे. अनेकांनी यातला एक निवडून दुसरा खोटा ठरवला. दोन्ही बरोबर आहेत, आणि का ते साध्या गणितात दिसते.

बाहेरून आलेला पुरुष, स्थानिक बायको. त्यांच्या मुलात बाहेरचा वाटा ५० टक्के. त्या मुलाने पुन्हा स्थानिक बाईशी लग्न केले तर नातवात २५, पणतवात १२.५, पाचव्या पिढीत ३ टक्क्यांच्या आसपास. वाय गुणसूत्र मात्र प्रत्येक पायरीवर १०० टक्के बाहेरचेच. प्रत्यक्षात वाटा इतका खाली गेला नाही, कारण अशा घरांतली मुले-मुली आपसांतही लग्ने करू लागली. पण पितृवंश आणि एकूण वारसा यांत एवढी तफावत पडू शकते, ही गोष्ट यात बसते. सिउदाद रेआल प्रांतातल्या कास्तियेहो देल बोनेते इथल्या कांस्ययुगीन कबरीत एक जोडी पुरलेली आहे: पुरुषात गवताळ प्रदेशाचा वारसा, बाई पूर्णपणे स्थानिक.

वाय गुणसूत्रे जवळपास शंभर टक्के बदलली, म्हणजे स्थानिक पुरुषांची कत्तल झाली, असा अर्थ वर्तमानपत्रांनी लगेच काढला. त्याला आकडे पुरत नाहीत. समजा सुरुवातीला दहापैकी एकच पुरुष नव्या वंशाचा होता आणि दर पिढीला त्या वंशाच्या पुरुषांना, जमीन, गुरे किंवा मान जास्त असल्यामुळे, इतरांपेक्षा ३० टक्के जास्त मुलगे जगले. १८ पिढ्यांनी, म्हणजे सुमारे ५०० वर्षांनी, १.३ चा १८ वा घात ११२ होतो. एकास नऊ हे प्रमाण उलटून नव्या वंशाचा हिस्सा ९२ टक्क्यांवर जातो. एकही माणूस न मारता. असेच घडले असा आमचा दावा नाही. हिंसा झाली की नाही हे हाडांवरच्या जखमा, जळालेली गावे, पुरण्याच्या पद्धती यांवरून ठरते. हॅप्लोग्रुपच्या टक्केवारीवरून नाही.

भाषा कुठे गेली?

ज्यांच्याकडून हे पितृवंश आले, त्यांच्याबरोबर युरोपच्या बऱ्याच भागात इंडो-युरोपीय भाषा पसरल्या असे मानले जाते. मग ८५ टक्के पुरुष त्या वंशाचे असताना बास्क भाषा इंडो-युरोपीय का नाही? नवे पुरुष स्थानिक आयांच्या घरात मिसळले आणि मुले आईची भाषा बोलली, ही एक शक्यता आमच्या मते जास्त संभवनीय आहे, पण ती शक्यताच. एउस्काराच्या पूर्वज भाषेबद्दलचा पुरावा शिलालेखांतूनच येणार. नवाराच्या इरुलेगी टेकडीवर २०२१ मध्ये सापडलेल्या काशाच्या हातावर इ.स.पू. पहिल्या शतकातला मजकूर आहे; त्यातला पहिला शब्द आधी ‘सोरिओनेकु’ असा वाचून आजच्या ‘झोरिओनेको’, म्हणजे शुभ, याच्याशी जोडला गेला आणि त्या वाचनावर तज्ज्ञांत वाद आहे. तो वाद अक्षरांचा आहे. तिथे वाय गुणसूत्राला मत नाही.

भाषा आणि पितृवंश वेगवेगळ्या वाटांनी जातात याचे बास्क हे एकटे उदाहरण नव्हे. लिथुआनिया आणि लाटव्हियात सुमारे ४० टक्के पुरुष एन हॅप्लोग्रुपचे आहेत, जो फिनलंडमध्ये निम्म्याहून जास्त आहे. पण फिनिश युरालिक भाषा आहे आणि लिथुआनियन तर इंडो-युरोपीय कुटुंबातली अत्यंत जुने वळण जपणारी भाषा.

एखादा दावा समोर आला तर

‘मी आर१बी, म्हणजे मी केल्ट’ किंवा ‘आमचा वंश बास्कांकडून आला’ असे कुणी म्हटले तर आधी विचारावे, चाचणी कुठली. १२ किंवा ३७ एसटीआर जागांच्या चाचणीत ‘आर-एम२६९’ असे लिहून येते, ते बहुधा एसटीआरवरून बांधलेले अनुमान असते. एम२६९ चा समाईक पूर्वज सहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा आणि वंशज कोट्यवधी. त्यावरून जात, जमात, देश काहीच ठरत नाही. पश्चिम युरोपात फार प्रसिद्ध असलेला सहा आकड्यांचा ‘अटलांटिक’ नमुना पाहा: डीवायएस१९ १४, ३८८ १२, ३९० २४, ३९१ ११, ३९२ १३, ३९३ १३. बास्क प्रदेशातल्या बिल्बाओच्या आणि आयर्लंडमधल्या गॉलवेच्या माणसांचे हे सहाही आकडे जुळले म्हणून ते जवळचे नातलग होत नाहीत. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषाचेच आकडे दोघांत न बदलता उरले, एवढाच त्याचा अर्थ.

मग खालची फांदी शोधावी लागते. क्रम असा: एम२६९, एल२३, एल५१, एल१५१, पी३१२, आणि तिथून डीएफ२७, एल२१, यू१५२. बास्कांत दिसणारी एम१५३ ही डीएफ२७ च्याही बरीच खाली आहे. डीएफ२७ ची जागा संपूर्ण-वाय चाचणीतही अनेकदा नीट वाचली जात नाही. अहवालात ती ‘नाही’ दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नये, तिच्याखालची झेड१९५ पाहावी.

फांदी ठरली की तिचे वय. संपूर्ण-वाय चाचणीत साधारण एक कोटी अक्षरे भरवशाने वाचली गेली आणि वेग दर अक्षराला वर्षाला ०.८ अब्जांश धरला, तर सरासरी १२५ वर्षांना एक बदल पडतो. ३६ बदल म्हणजे ४,५०० वर्षे. पण ३६ च्या मोजणीत सहाची चूक स्वाभाविक आहे, म्हणजे ७५० वर्षे इकडे किंवा तिकडे, आणि दुप्पट सावधगिरी बाळगली तर १,५०० वर्षे. एकाच माणसाच्या फांदीवरून काढलेले वय शतकाच्या अचूकतेने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. खाली अनेक फांद्या असतील आणि सगळ्यांची सरासरी घेतली असेल तर ही चूक बरीच कमी होते.

मग ते वय आणि ज्या नावाचा दावा आहे त्याचे वय शेजारी ठेवावे. केल्टिक भाषांचे सर्वांत जुने लेख इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपासचे, उत्तर इटलीतले. एल२१ फुटली ती त्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी. एल२१ च्या पहिल्या पुरुषाला ‘केल्ट’ म्हणणे म्हणजे सातवाहनांच्या आधीच्या शेतकऱ्याला ‘पुणेकर’ म्हणण्यासारखे आहे.

प्राचीन नमुन्यांचे तक्ते वाचताना एक खाचखळगा फार जणांना पाडतो. तक्त्यात एखादा सांगाडा ‘आर१बी१’ लिहिलेला असतो आणि लोक म्हणतात, बघा, इथे एम२६९ नाही. पण हाडांतला डीएनए तुटका असतो, त्यात पुरुषात वाय एकच असल्याने तो निम्म्याच प्रमाणात हाती येतो; एम२६९ च्या जागेवर एकही तुकडा पडला नसेल तर उत्तर ‘नाही’ नसते, ‘वाचले गेले नाही’ असते. याची उलटी चूकही होते. जुन्या डीएनएच्या टोकांना सीच्या जागी टी आणि जीच्या जागी ए दिसू लागतो. ती झीज आहे, वंशखूण नव्हे. यू१०६ (सीचा टी), यू१५२ आणि डीएफ२७ (जीचा ए) या खुणा नेमक्या त्याच धर्तीच्या आहेत. ही झीज काढून टाकणारी यूडीजी प्रक्रिया न केलेल्या नमुन्यात त्या एकाच तुकड्यावर, टोकाशी दिसल्या तर मान्य करू नयेत. पी३१२ (सीचा ए) आणि एल२१ (सीचा जी) यांना हा धोका नाही. तुकडे किती, जागा टोकापासून किती अंतरावर, वरच्या-खालच्या खुणा जुळतात का, हे पुरवणी तक्त्यात असते आणि ते उघडून पाहायला हवे.

बास्कांच्या बाबतीत हे सगळे केवळ शास्त्राचे प्रश्न कधीच नव्हते. १८९५ मध्ये बास्क राष्ट्रवादी पक्ष स्थापणारे साबिनो अराना आडनावांवरून बास्कपण मोजत होते. नंतर रक्तगट आले, मग हॅप्लोग्रुप. स्वतःच्या भाषेवर बंदी सोसलेल्या समाजाला ‘आम्ही इथले पहिले’ हे ऐकायला का आवडले असेल ते समजण्यासारखे आहे. भाषेचा हक्क मात्र आर१बीच्या वयावर अवलंबून नव्हता. ते वय तेरा हजारांवरून साडेचार हजारांवर आले तेव्हा एउस्काराचा एक शब्दही कमी झाला नाही.

मराठी घरांत हीच चर्चा आर१ए या आर१बीच्या भावंड हॅप्लोग्रुपवरून होते. जातवार टक्केवारीचा एक तक्ता फिरतो, त्यावरून कोण आले, कोण मूळचे, हे ठरवले जाते. तिथेही हेच विचारायचे: तक्त्यातला आर१ए कुठल्या फांदीपर्यंत तपासला आहे? एम४१७ च्या खाली युरोपातली मुख्य फांदी झेड२८२ आणि भारतातली मुख्य फांदी झेड९३. या दोघी बहिणी आहेत, त्यामुळे पोलंडमध्ये आर१ए खूप आहे यावरून कोकणातला किंवा देशावरचा माणूस पोलंडहून आला असे निघत नाही, आणि त्याच्या उलटही निघत नाही. झेड९३ च्या खाली कुठली शाखा, तिचे वय किती, ते एसटीआरवरून काढले की एसएनपीवरून, वेग कुठला धरला, नमुने किती आणि कुठल्या तालुक्यांतले? नमुने पंचवीस-तीसच असतील तर दोन गटांतला दहा टक्क्यांचा फरक दोन-तीन माणसांचा असतो.